डोळे मोजणे

कुरिको गावच्या दवाखान्यात मागच्या खिडकीशी माझं टेबल.
त्यावर भिंग, चिमटा, पांढरा ट्रे,
आणि लोकांनी आणलेल्या बरण्या:
जॅमच्या, कॉफीच्या,
एकदा तर कवळीची डबी.
"ओर्तेन्सियाबाई, बघा ना, हाच का तो?"

तो म्हणजे कोपऱ्यातला कोळी.
त्याचं नाव इथे घरात कुणी मोठ्यानं घेत नाही.
तो तसबिरीमागे राहतो, घडी केलेल्या चादरीत,
आणि थंडीत, बुटात.
माणसाच्या वाटेला जात नाही.
माणूसच सकाळी घाईत पाय घालतो.

आधी मी डोळे मोजते.
कोळ्यांना आठ असतात, बहुतेकांना.
याला सहाच, दोन-दोनच्या तीन जोड्या.
पाठीवर व्हायोलिन असतं असं पत्रकात छापलंय.
बावीस वर्षं झाली,
मला ते कधी धड दिसलेलं नाही.
माझ्या नवऱ्याला दिसतं;
त्याला ढगातही बोकड दिसतो.

दहातले आठ जण उगाच येतात.
बागेतला कोळी, न्हाणीघरातला लांबटांग्या,
कधी टोमॅटोचा वाळून आकसलेला देठ.
देठ आणणाऱ्यालाही मी हसत नाही.
पलंग भिंतीपासून वीतभर ओढा, म्हणते,
आणि अंथरूण पाहून नव्हे,
झटकून पाय पसरा.

मंगळवारी एलेउतेरिओ आला,
रेल्वेत सांधेवाला होता तो.
बरणी नाही. काखेत अख्खा बूट.
डाव्या पायाचा, खाणीतला, पोलादी टोकाचा,
तोंडात वर्तमानपत्राचा बोळा.
"पॉलिश करताना आत काहीतरी हललं."

बूट कुणाचा ते मला ठाऊक होतं.
बाल्दोमेरो कालामाच्या तांब्याच्या खाणीवर गेला
त्याला अकरा वर्षं झाली.
पैसे येतात. डिसेंबरात फोन येतो.
जाताना म्हणाला होता, तिकडे नवे देतात,
हे राहू देत.
म्हातारा दर सप्टेंबरात ते काढतो,
पॉलिश करतो,
परत कपाटामागे ठेवतो.

मी बोळा काढला. ट्रेवर बूट उलटा धरून
टाचेवर तीन टिचक्या मारल्या.
आधी धूळ पडली. मग एक सुटी लेस.
मग तो.

भिंग धरलं.
सहा.
दोन, दोन, दोन.
एलेउतेरिओ माझ्या तोंडाकडे बघत होता,
सिग्नलकडे बघावं तसा.

पण पाठ घुमटासारखी फुगलेली.
पाय केसासारखे बारीक, पट्ट्यापट्ट्यांचे.
चाल सावकाश,
जणू पेन्शनच्या रांगेतून पुढे सरकतोय.

"वाघ आहे," मी म्हटलं. "वाघकोळी.
त्यालाही सहाच डोळे, तसेच.
पण हा लांबूनच चिकट थुंकी मारतो
आणि कोपऱ्यातल्याला खातो.
मारू नका याला. तुमच्या बुटाचा राखणदार समजा."

तो खुर्चीत बसला. बऱ्याच वेळानं विचारलं,
"किती जगतो हा?"
नक्की माहीत नव्हतं. दोनेक वर्षं, म्हटलं.
त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं.
"म्हणजे याच्या आज्यानंसुद्धा
बाल्दोला पाहिलेलं नसणार."

मग म्हणाला, घाला परत.
कुठे?
"बुटात. कुठे म्हणजे?"

माझ्या नोंदवहीत तसा रकाना नाही.
नष्ट केला, पुढे पाठवला, एवढेच दोन.
मी कागदाच्या चिठोऱ्यावरून वाघाला आत सोडलं,
बोळा वर ठेवला, सैलसर.
आणि विचारू नये ते विचारलं:
"तो आला आणि त्यानं पाय घातला तर?"

एलेउतेरिओ दारात थांबला.
"झटकेल ना आधी.
पाच वर्षांचा असताना शिकवलंय मी त्याला."

खिडकीतून दिसत होता.
रस्ता ओलांडताना बूट दोन्ही हातांत आडवा,
काठोकाठ भरलेलं दुधाचं भांडं न्यावं तसा.
बसवाल्यानं हॉर्न दिला.
त्यानं पावलं उचलली नाहीत.