नववा सेकंद

आज माझ्याकडे एकच काम होतं :
शांतता मोजायची.

आकिताच्या डोंगराआड, पाचवीच्या चौदा मुलांसमोर
मिनेगिशीबाईंचा पाठ,
आणि तो बघायला आम्ही अकरा शिक्षक
भिंतीला पाठ टेकून उभे.
कुणी फळ्याचा नकाशा उतरवून घेत होतं,
कुणी एकाच मुलीची पेन्सिल न्याहाळत होतं,
कधी थांबते, कधी खोडते.
मला स्टॉपवॉच दिलेलं.
बाईंनी प्रश्न विचारला की दाबायचं,
वर्गातून पहिला शब्द फुटला की पुन्हा दाबायचं.
निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाला
याहून सोपं काम ते काय देणार!

खिडकीबाहेर कंबरभर बर्फ.
आत रॉकेलच्या शेगडीवर किटली.
फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तारीख, मग निळ्या चौकटीत प्रश्न :
एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश.
हा फळा बेल होईपर्यंत पुसायचा नसतो.
तासाचा सगळा रस्ता दिसला पाहिजे,
कुठे वळलो, कुठे भरकटलो.

पहिली शांतता : चार सेकंद.
दुसरी : सहा.
मग हात वर न करताच कुरामोची बोलला,
"दोन पंचमांश."

अकरा कागद एकदम सळसळले.
ही चूक आमच्या ओळखीची.
आराखड्यात तिला चौदावं मिनिट दिलेलं,
औषधही तिथेच लिहिलेलं : कागदाच्या पट्ट्या दाखवा.
पट्ट्या टेबलावर तयार. बाईंचा हात तिकडे गेलासुद्धा.

गेला, आणि परत आला.
त्यांनी खडू उचलला, दोन पंचमांश जसेच्या तसे लिहिले,
शेजारी नाव : कुरामोची.
ना बरोबरची खूण, ना फुली.
"असं कुठे होतं रे?"

मी बटण दाबलं.

पाच. सात.
किटलीचं झाकण थडथडलं.
नऊ.
या सेकंदाला मी आयुष्यभर
उत्तर स्वतःच देऊन मोकळा झालेलो आहे.
तेहतीस वर्षं, चावलेला घास भरवत आलो
आणि त्याला शिकवणं म्हणत आलो.
बारा. कुणीतरी नाक ओढलं.
सोळा. बाई मुद्दाम खिडकीकडे बघतायत,
नजरेचंही ओझं नको म्हणून.
एकवीस.

"बेसबॉलमध्ये," कुरामोची म्हणाला.
"जिममध्ये शनिवारी दोन चेंडू आले, एक लागला.
रविवारी तीन आले, एक लागला.
पाचात दोन. खरंच तसं झालंय.
विचारा होनोकाला, तिनेच टाकले."
होनोकाने नाइलाजाने मान डोलावली.

मग वर्ग पेटला.
"पण अर्धी वडी खाल्ली, वर आणखी एक तृतीयांश खाल्ली,
आणि पोटात गेली अर्ध्याहूनही कमी?
उरलेली कुठे गेली मग?"
"वडी एकच आहे. चेंडू पाच होते."
"म्हणजे अर्धं, पण कशाचं अर्धं?"
बाईंनी तेवढंच पिवळ्या खडूने लिहिलं,
खाली नाव घातलं : साए.

बेल झाली.
समान छेद फळ्यापर्यंत पोचलेच नाहीत.
पट्ट्या जागच्या जागी.
सारांशाची लाल चौकट, आत काहीच नाही.

चर्चेत मुख्याध्यापक म्हणाले, उद्दिष्ट गाठलं गेलं नाही.
कुणी म्हणालं, वेळेचं नियोजन.
बाई मान खाली घालून सगळं टिपत होत्या,
कानाच्या पाळ्या लालबुंद.
माझी पाळी आली. आकडे वाचून दाखवले :
चार, सहा, एकवीस, तीन, दोन;
पुढचे मोजता आले नाहीत, मुलं थांबेचनात.

"आणखी काही निरीक्षण?"

"नवव्या सेकंदाला," मी म्हणालो,
"मी बोललो असतो."

कुणीच काही बोललं नाही.
सवयीने मी बटण दाबलं.