गोधडी कुणाची

मांढळच्या सातऱ्यावर आम्ही तीस-चाळीस बाया
मिरचीचे देठ तोडतो, किलोवर.
मिरची पहिल्या तासात नाकात जाते,
दुसऱ्या तासात घशात,
बारा वर्षांनी छातीत घर करते.
त्याआधीची वर्षं चुलीच्या धुराची. ती मी मोजत नाही.

खोकला लागला की बाकीच्या तोंडावर पदर धरतात,
मी आधी मांड्या धरते.
तरी जातंच.
थोडंसंच, चहा पिऊन बशीत उरतो तेवढं,
पण पोतं ते विसरत नाही.
म्हणून सुटी झाली की मी सगळ्यांत शेवटी उठते,
पोत्याची उलटी घडी घालते
आणि कांता भोयर म्हणते, "देवकाबाई लय नेटकी."

एसटीत उभी राहते, जागा असली तरी.
लग्नात खुर्ची पुढे केली की म्हणते, नको, पाय सुजतात.
हसायचंही जपून. ललिता मडावी मुकादमाची चाल करून दाखवते
तेव्हा मी डोळे मिटून घेते.

कुहीच्या दवाखान्यात बेडका मागितला, दिला.
छातीचा फोटो काढला.
टीबी नाही म्हणाले, हा दम्याचा मोठा भाऊ.
पंप दिला, ओढायला शिकवलं.
छातीच्या खाली माझं काही आहे
हे कुणी विचारलं नाही.
फोटोत होते तेवढीच मी होते.

रात्री नातू कुशीत. सुमेध, तिसरीत.
पहाटेचा खोकला सगळ्यांत वाईट.
उजाडताना गोधडी तारेवर टाकत होते,
कुडाच्या पलीकडून कलाबाई म्हणाली,
"पोट्टा अजून मुततेच का वो?"
मी म्हटलं, "हो ना बाई."

तो दप्तर घेऊन दारातच होता.

काही बोलला नाही.
त्याच्या वर्गात कलाबाईची नात आहे.
दोन रात्री भिंतीकडे तोंड करून झोपला,
तिसऱ्या रात्री आमच्या मधे त्यानं उशी ठेवली,
धुऱ्यावर दगड ठेवतात तशी.
उभ्या जन्मात मी सातऱ्यावरची मूठभर मिरची ओच्यात बांधली नाही,
आणि एका पोराचं नाव चोरलं.

मग उपकेंद्रात नवी सिस्टर आली, शेंडे.
पंप नीट ओढता येतो का दाखवा म्हणाली.
मी ओढला, खोकले, पाय आवळले.
कागदावरून मान वर न करता तिनं विचारलं,
"खोकलताना लघवी जाते ना, मावशी?"
जेवण झालं का विचारावं, तसं.
मी दाराकडे पाहिलं. हो म्हटलं.
पुन्हा एकदा हो म्हटलं,
पहिल्या वेळी आवाजच फुटला नव्हता.

ती म्हणाली, आधी आवळायचं, मग खोकायचं.
लघवी अडवतो तसं, आतल्या आत, दहा मोजेपर्यंत,
दिवसातून तीनदा, तीन महिने.
लगेच नाही होत, म्हणाली. हे तिनं सांगितलं ते बरं केलं.

आता सातऱ्यावर हात देठ तोडतात
आणि आत एक मूठ मिटते, उघडते, मिटते.
मुकादम समोरून जातो, त्याला दिसत नाही.
या कामाला किलो नाही.
कधी जमतं. काल नाही जमलं.

आज गोधडी पुन्हा तारेवर.
कलाबाई बादली घेऊन उभी.
"काय वो, पोट्ट्याचं अजून..."
"त्याचं नाई," मी म्हटलं. "माह्यं हाय. दोन वर्सं झाले."
घरात सुमेध चहात पोळी बुडवून खात होता,
त्याचा चावण्याचा आवाज थांबला.

कलाबाईनं बादली खाली ठेवली.
गल्लीत इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं,
कुडाला अगदी चिकटून उभी राहिली.
"याच्यावर," ती म्हणाली, "काई हाय का वो?"