गळतीचा आवाज

माझं काम सांगायला सोपं आहे:
करीबाच्या धरणावर जेवढी निघते
आणि उत्तरेला तांब्याच्या खाणींत जेवढी पोचते,
त्यांच्यातली वजाबाकी कमी करायची.

वाटेतच जिरते ती.
प्रवाह दुप्पट, तर तारेला ताप चौपट.
म्हणून दाब चढवायचा, प्रवाह उतरवायचा,
आणि एका तारेच्या जागी दोन,
हातभर अंतर ठेवून, स्पेसरनं धरलेल्या.
एकटीनं जाड होण्यापेक्षा जोडीनं जावं
असं विजेचंही मत आहे.

तरी दव पडलं की त्या बोलतात.
जुलैत काफुएच्या पाणथळीवर धुकं बसतं,
तेव्हा मनोरा क्रमांक दोनशे सोळा
तापल्या तेलात पाणी शिंपडल्यासारखा तडतडतो.
काळोखात डोळे स्थिरावले
की धातू खरबरीत असेल तिथे
बोटभर जांभळी झाक.
पुस्तकात तिला कोरोना म्हणतात.
मी वहीत लिहितो: तोटा.

दोनशे सोळाच्या खाली माझ्या आईचं घर.
अगदी खाली नाही, नियमाप्रमाणे बाजूला.
कोळशाची शेगडी,
डब्याच्या झाकणावर मेणबत्तीचं बूड.
डोक्यावरून तीनशे तीस हजार व्होल्ट,
आणि फोन चार्ज करायला
ती न्चिमुन्याला सायकलवरून बाजारात धाडते.

वहीत तिच्यासाठी रकाना नाही.
निघालं पण पोचलं नाही, तो तोटा.
जे पोचायचं कधी ठरलंच नव्हतं
त्याला काय म्हणायचं, हे कुणी शिकवलं नाही.
मीही विचारलं नाही.

मागच्या महिन्यात चार तास लाइन बंद घेतली.
हाबाझोका वर चढला.
तुटका स्पेसर काढला,
टोकदार कडांभोवती गोल कडं बसवलं,
ओरखडलेली तार घासली,
तान्ह्याच्या पाठीवरून हात फिरवावा तशी.
आई मुसांगूच्या सावलीत बसून बघत होती.
तो उतरल्यावर तिनं त्याला
भोपळ्यातून आंबूसगोड चिब्वान्तू पाजलं,
मला उरलेलं.

रात्री धुकं आलं. दोनशे सोळा गप्प.
मी लुसाकात पडल्या पडल्या
वाचलेले युनिट बोटांवर मोजत होतो.

पहाटे तिचा फोन:
"हिमूंगा, वीज गेली का रे?"

नाही आई, म्हटलं, उलट आता जास्त जातेय.

"मग बोलत का नाही ती?"
आणि जरा थांबून,
"तुझे वडील गेल्यापासून
रात्रीची तेवढीच होती."

फोन कट झाला. बॅटरी असेल.

अहवाल मी त्याच दिवशी भरला: दोष दूर केला.
शेऱ्याची जागा कोरी सोडली.

दोनशे सतराही तडतडतो, हाबाझोका सांगतो.
तिथून तिचं घर जरा लांब पडतं,
पण वारा इकडचा असला तर ऐकू येईल, इतकंच लांब.
काम मंगळवारी आहे.
मंगळवार मी दोनदा पुढे ढकललाय.