बडीशेपेची ताटली

बिल जातं स्टीलच्या ताटलीत,
सोबत बडीशेप, खडीसाखर, चार टूथपिक.
ताटली परत येते तेव्हा मी आधी तिच्यात बघत नाही,
असं मी सांगतो.
सगळेच वेटर सांगतात.

सात रस्त्याच्या अलीकडं आमची खानावळ.
गल्ल्यावर मल्लिनाथ अण्णा,
आणि अण्णांपुढं ती बोलकी डबी.
कुणी स्कॅन केलं की बाईच्या आवाजात
अख्ख्या हॉटेलला रक्कम सांगते.
बिल पाचशे बारा, डबी म्हणते पाचशे पन्नास.
वरचे अडतीस कुणाचे ते डबी सांगत नाही.
अण्णाही सांगत नाहीत.

जो बसल्या बसल्या विचारतो, नाव काय रे तुझं,
तो देत नाही.
अंबादास, चटणी. अंबादास, चटणीवर दही.
अंबादास, कांदा कुठंय बे?
निघताना पाठीवर थाप.
ती घेऊन मी घरी जातो.
पुण्याचे लोक दहा टक्के काढतात मोबाईलवर
आणि जीएसटी धरून की सोडून, यावर
ताटलीसमोरच भांडतात.
लग्नाच्या खरेदीला आलेली बारा माणसं,
खुर्चीखुर्चीवर चादरींचे गठ्ठे,
सुट्टे नाहीत म्हणाली,
आणि बडीशेपेतली खडीसाखर तेवढी वेचून गेली.

एक म्हातारा येतो, रविवारचा.
यंत्रमागाच्या खडखडाटात दोन्ही कान गेलेले.
हाफ मटण, दोन कडक भाकरी,
रस्सा बोटांच्या खुणेनं मागतो.
दोन रुपयांचं नाणं ठेवतो.
पंधरा वर्षं झाली, मटण कुठल्या कुठं गेलं,
नाणं तेच.
एकदा ते घरंगळलं, टेबलाखाली गेलं.
म्हातारा गुडघ्यांवर बसला, शोधायला लागला.
मी म्हटलं, राहू द्या हो काका.
दोनदा म्हटलं.
त्याला ऐकू आलं नाही.
मग मीही खाली बसलो.

गेल्या गुरुवारी सुट्टी होती.
आईला घेऊन गेलो विजापूर रोडला, एसी हॉटेलात.
बाहेर एप्रिल, त्रेचाळीस डिग्री.
आत आई पदर गच्च ओढून बसलेली.
जेवण झालं, ताटली आली,
आणि माझा हात खिशातच राहिला.
वीस ठेवू की पन्नास?
वीस ठेवले तर पोरगं ओळखेल, हा आपल्यातलाच.
पन्नास ठेवले तर म्हणेल,
आपल्यातला असून मिजास बघा.

आईनं विचारलं, एंदुकु?
कशाला?
हजार बिड्या मोजून देते मी,
चेकर त्यातनं ओंजळभर छाट काढतो.
त्या त्याच्याकडंच राहतात.
वरून एक रुपया कधी कुणी ठेवला माझ्या सुपात?
पगार असेल की या पोराला.

पोरगं पाण्याच्या फिल्टरजवळ उभं होतं,
पंख्याकडं बघत.
मला ती नजर पाठ आहे.
पंख्यात काही नसतं.

मी बिलाचे पैसे ठेवले. वर वीस.
आईनं ते वीस उचलले, माझ्या हातात दिले.
कनवटीची गाठ सोडली,
चार घड्या घातलेली पन्नासची नोट काढली,
तंबाखूच्या वासाची,
आणि तिच्या पाण्याच्या ग्लासाखाली सरकवली.
ताटलीत नाही.
ताटली गल्ल्याकडं जाते, म्हणाली,
ग्लास पोरगं उचलतं.

हे मी तिला कधी सांगितलं होतं?
रात्री अकराला येतो, जेवता जेवता बडबडतो,
ती पानं कापत असते, मान खाली.
मला वाटायचं, हजाराचा आकडा मोजतेय.

रिक्षात बराच वेळ काही बोलली नाही.
पार्क चौक गेल्यावर म्हणाली,
भाकरी काही कडक नव्हती त्यांची.