पाण्याची रात्र

दीडला उठलो.
आज पाचवा दिवस. पाणी दोनला येतं,
कधी तीनला, कधी नुसतीच हवा येते
आणि सकाळी अख्खी गल्ली
वॉल्वमनच्या नावानं शंख करते.
सुवार्ताला उठवलं नाही.
तिच्या काखेखाली अजून पट्टी आहे
आणि रिपोर्ट शुक्रवारी.

घागरी, बादल्या, निळं पिंप,
ओबेदला लहानपणी आंघोळ घालायचो ते पातेलं,
सगळं संध्याकाळीच घासून ठेवलं होतं मी,
तोंडं वर करून.

हन्ना उठून आली, खांद्यावर चादर ओढत.
"पप्पा, मम्मीचा रिपोर्ट चांगला येणार ना?
मी देवाला सांगितलंय. सत्तावीस वेळा.
मोजलंय की मी."

जिभेवर 'हो' आलं होतं.
लिमलेटच्या गोळीसारखं असतं ते,
पोराच्या हातावर ठेवलं की रडं थांबतं.
पण शुक्रवारी ते खोटं निघालं
तर तिच्या हिशेबात
खोटा मी ठरणार नाही,
तो ठरेल.
म्हणालो, "मला माहीत नाही, बाळा,"
आणि नळाकडे बघत बसलो.

"मग प्रार्थना कशाला करायची?"

माझ्याच पोटातला प्रश्न.
तिनं फ्रॉकच्या खिशातून काढावा तसा काढला.

मागच्या रविवारी उपासनेत पाळकसाहेब म्हणाले,
आयुष्य म्हणजे भरतकामाची उलटी बाजू,
गाठी, लोंबते धागे;
सुलटी बाजू वरून देवाला दिसते.
सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.
पण बावीस वर्षं अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
जेकार्डवर उभा आहे मी.
सोलापुरी चादरीला उलटी बाजू नसते.

तिच्या खांद्यावरची चादर घेतली,
बल्बखाली धरली.
"बघ. इकडे मोर हिरवा, जमीन लाल.
आता पलटव."
"मोर लाल. जमीन हिरवी."
"यातली खोटी कुठली?"
तिनं पुन्हा पलटली, नखानं धागा खरवडून पाहिला.
"कुठलीच नाही."

'विणणारा तोच' म्हणणार होतो.
पण मग मम्मीची गाठही त्यानंच विणली का,
असं तिनं विचारलं असतं,
आणि मला उत्तर आलं नसतं.
म्हणून एवढंच म्हणालो,
"शुक्रवार या बाजूनं येईल, नाहीतर त्या.
आपण जिकडे असू, तिकडे तो असेल.
आणि मला भीती वाटते,
तेही सांगून ठेवलंय त्याला."
"किती वेळा?"
"मोजलं नाही गं."

दोन वाजून गेले.
शेजारच्या साळ्यांच्या मोटारीचा आवाज नाही,
म्हणजे त्यांनाही नाही.
हन्ना पायरीवर बसून कसलातरी विचार करत होती.
"येशूपण एकदा रात्री घाबरला होता ना?
हा प्याला नको म्हणाला होता.
शब्बाथशाळेत सांगितलंय बाईंनी."
"हो."
"आणि त्याचे मित्र झोपले होते."
"हो."
"आपण जागे आहोत," ती म्हणाली,
जणू त्यालाच कळावं म्हणून
जरा मोठ्यानं.

आत सुवार्ता कुशीवर वळली.
खाट करकरली. आम्ही दोघं गप्प झालो.
ती झोपली होती की ऐकत होती,
देव जाणे.

मग नळ खाकरला.
फस्स. परत फस्स.
"हवाच आहे," मी म्हणालो.
हन्नानं पाइपचं तोंड घागरीत धरलं,
दोन्ही हातांनी,
डोळे मिटत होते तरी.
मी सोड म्हणालो,
तिनं सोडला नाही.