माशी

स्टेशनाच्या पाटीवर अक्षरं वाचनाचीच,
पण गावाला म्हणायचं रेडिंग.
पहिल्या दिवशी तिकिटाच्या खिडकीवर मी रीडिंग म्हणाले.
आतली बाई हसली नाही, हे तिचे उपकार.

आता मीच वाचते, दर गुरुवारी,
ऑक्सफर्ड रोडवर, गालिच्यांच्या दुकानावरच्या खोलीत,
ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी.
बटणं ग्विन सांभाळतो. मराठी त्याला ओ की ठो कळत नाही,
तरी परवा कानांवरचं काढून म्हणाला,
थांब, पहिल्यात माशी नव्हती, दुसऱ्यात आहे.
मागे जाऊन ऐकलं तर खरंच.
वाक्य होतं: जग काहीही म्हणो, तू जग.

कागदावर ती माशी बसत नाही.
ना टिंब, ना रेघ.
जात विचारणारा आणि उठून जात असलेला
त्याच दोन अक्षरांत दाटीनं उभे.

आज केळुसकरांनी पाठवलेली वही.
तीस वर्षं या गावात बस चालवली त्यांनी,
आता स्वतःचा हात दिसत नाही.
वही बायकोची. ती गेल्यावर कपाटात सापडली.
दूध दोन पाइंट. गॅसचं बिल. मशीनला तेल.
शेवटच्या पानावर एकटंच:
आता जप.

मी अडले.
माळ घेऊन बसणार होती ती,
की कुणाला सांगत होती, सांभाळ?
ग्विन काचेपलीकडून विचारतोय, काय झालं?
माशी शिंकली, म्हणणार होते,
इंग्रजीत ते जमेना.
दोन्ही वाचलं. एकदा माशीविना, एकदा माशीसकट.

संध्याकाळी फोनवर ऐकवलं.
पलीकडे किटली उकळली, आपोआप बंद झाली.
माळ होती तिची, म्हणाले, खुंटीला. धूळ मीच पुसायचो.
मी म्हटलं, पण तुम्हाला लिहायचं तर 'जपा' लिहिलं असतं ना?
चारचौघांत अहो, ते म्हणाले.
दार लावलं की, अरे गाढवा.

मग कुठलं ठेवू?

दोन्ही ठेवा. मधे जागा सोडा.
जरा.

माशी होती त्यात, स्वच्छ ऐकू आली,
पण त्या थकल्या गळ्यातून येताना
दुसरी जराही
तिच्या पंखांना चिकटून आली.

ग्विनला सांगितलं, मधे जागा सोड.
त्यानं विचारलं, किती सेकंद?