अडुसष्ट अंश

विस्कॉन्सिनात, वेस्टबीखालच्या ओढ्यात
आर्डिस टॉलेफसन सुतळीने थर्मामीटर सोडते,
दुधाच्या जुन्या हिशेबवहीत, मागच्या पानावर
आकडे मांडते: अठ्ठावन्न. साठ. एकसष्ट.

"अडुसष्टच्या पुढे ट्राउट खात नाहीत," म्हणते,
आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसं, हळू.

दुपारी सर आली. मला बरं वाटलं.
तिने मात्र टेकडीवरच्या नव्या दुकानाकडे पाहिलं,
तापलेल्या डांबरी पार्किंगकडे.
अर्ध्या तासात तिथलं पाणी
पाइपातून धो धो उतरलं,
आधण नव्हे, नुसतं कोमट.
तेवढं पुरे.

वहीत सत्तर.

झऱ्याच्या तोंडाशी, जिथे हात अजून बधिर होतो,
एकावर एक दाटलेले मासे,
सगळे एकाच दिशेला तोंड करून.

आर्डिसने पेन्सिल कानामागे खोचली.
"तुझी सावली मागे घे," म्हणाली. "बुजतात."